शेवटच्या बाकामागची खुर्ची

नेतृत्व विकास कार्यक्रमासाठी अक्षांश सरांची निवड झाली, ती त्या वेळी ते स्टाफरूममध्ये नव्हते म्हणून. मुख्याध्यापिका मॅडम परिपत्रक घेऊन आल्या आणि नोकरीच्या सुरुवातीच्या किंवा मधल्या टप्प्यावर असलेल्या एका शिक्षकाचं नाव आजच्या आज कळवायचं आहे, असं त्यांनी वाचून दाखवलं. त्याबरोबर जमलेल्या प्रत्येकाला आपण सुरुवातीच्याही नाही, मधल्याही नाही, तर थेट शेवटच्या टप्प्यावर येऊन ठेपलो आहोत असं वाटू लागलं. नुकत्याच रुजू झालेल्या चित्रकलेच्या बाईंनीसुद्धा कमरेला हात लावून "हल्ली दगदग सोसत नाही हो" असं सांगून टाकलं. अक्षांश सर तेव्हा नकाशांच्या खोलीत, काही केल्या गुंडाळून न घेणाऱ्या एका खंडाशी झटापट करत होते. ते अंगावरची धूळ झटकत बाहेर आले तेव्हा त्यांचं नाव गेलेलंही होतं.

अक्षांश हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते भूगोल शिकवत म्हणून मुलांनी ते ठेवलं, मग शिक्षकांनी उचललं, आणि पुढे पुढे मॅडमही तेच म्हणू लागल्या. सरांना त्याचं वाईट वाटत नसे. अक्षांश ही सरळ, शिस्तीची, कधी दुसरीला न छेदणारी रेषा आहे, आणि आपला स्वभावही तसाच आहे, असं ते मनाशी म्हणत. तर अशा या सरळ रेषेला वाटलं, की आपले गुण अखेर कुणाच्या तरी लक्षात आले. तसं वाटू नये म्हणून कुणी काही केलं नाही. उलट पी.टी.च्या सरांनी तर त्यांचा हात हातात घेऊन "शाळेचं भविष्य आता तुमच्याकडे" असंही म्हटलं, आणि ते मैदानाकडे इतक्या वेगाने निघून गेले की सरांना आभार मानायलाही सवड मिळाली नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती दवाखान्यात रक्त-लघवी तपासायची, त्यामुळे कुठलीही गोष्ट काचपट्टीवर घेऊन भिंगाखाली घातल्याशिवाय तिचा विश्वास बसत नसे.

"नेतृत्व म्हणजे कुणाचं?" तिने विचारलं.

"तसं कुणाचं असं नाही गं. एकूणच."

"अहो, पण पुढे चालणारा म्हटला की मागून कुणीतरी यायला हवं ना. तुमच्या मागून कोण येणार?"

सरांनी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. पण तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका वर आले. हे काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांच्याकडे आता पुरवठ्याला फक्त सल्ले उरले होते. ते म्हणाले, "सर, मी उभा जन्म साहेबाच्या खुर्चीत काढला. एकच सांगतो. सही कुठे करायची हे शेंबडं पोरही शिकतं, सही कुठे करायची नाही हे ज्याला कळलं तो नेता. आणि काहीही झालं तरी नवीन काही सुरू करू नका. सुरू केलेलं बंद करायला दुप्पट परवानग्या लागतात." सरांनी मान डोलावली. पुढे जे काही झालं ते हा सल्ला न मानल्यामुळे झालं, असं काका अजून जिन्यात भेटेल त्याला सांगतात.

प्रशिक्षणाचं सभागृह पाहून सरांचे डोळेच विस्फारले. पायाखाली गालिचा, भिंतभर काचा, आणि खुर्च्या गोलाकार मांडलेल्या. समोर टेबल नाही. टेबल काढून घेतलेला शिक्षक म्हणजे कवच काढलेलं कासव; हात कुठे ठेवायचे इथपासून प्रश्न सुरू होतो. गावोगावच्या शाळांतून आलेले ते सगळे तरणेताठे आणि पोक्त शिक्षक कधी हाताची घडी घालत होते, कधी सोडत होते. आणि मधोमध एक किरकोळ अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या, पायात कॅनव्हासचे बूट घातलेल्या बाई शांतपणे बसल्या होत्या. त्या प्रशिक्षिका. त्यांनी भाषण केलं नाही, पडद्यावर चित्रं दाखवली नाहीत, टाळ्या वाजवायला लावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तुमच्या शाळेतली अशी कुठली गोष्ट आहे, जी तुम्ही रोज तिथे असूनही कधी पाहिलेली नाही?"

आणि त्या गप्प बसल्या.

शिक्षकाला शांतता फार प्रिय असते, पण ती त्याने स्वतः दरडावून केलेली असावी लागते. दुसऱ्याने केलेली शांतता त्याला सोसत नाही. सभागृहात कुणी खोकलं, कुणी घड्याळ पाहिलं. बाई मात्र जगातला सगळा वेळ आपल्याच मालकीचा असल्यासारख्या बसून होत्या. माणूस इतका वेळ न बोलता आणि न रागावता बसू शकतो, हे सरांनी पहिल्यांदाच पाहिलं. ते इतके भारावले की त्या भरात त्यांच्याच तोंडून शब्द निघून गेले.

"माझ्या शेजारच्या वर्गात गणिताच्या बाई शिकवतात. मधे एकच भिंत आहे. पण त्या कसं शिकवतात ते मी कधीच पाहिलेलं नाही."

हे बोलून होईपर्यंत त्यांना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. पण गोलातल्या सगळ्या माना एकदम खाली गेल्या. शेजारी बसलेला दाढीवाला शिक्षक पुटपुटला, "मीही नाही पाहिलेलं. कुणालाच." प्रशिक्षिका बाईंनी सरांकडे असं काही पाहिलं, की आपण नवा समुद्र शोधला की काय असं त्यांना वाटून गेलं.

"मग तुमचा प्रकल्प हाच," त्या म्हणाल्या. "एकमेकांचे वर्ग बघा. तपासायला नाही, नुसते बघायला. सत्र संपताना मी येईन."

बाकीच्यांनी ग्रंथालयं उभारायची ठरवली होती, प्रयोगशाळा ठरवल्या होत्या. आपल्याला नुसतं बसायचंच तर आहे, या आनंदात अक्षांश सर घरी परतले.

शाळेत बसणं ही किती अवघड गोष्ट आहे, हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं. मॅडम म्हणाल्या, "कल्पना उत्तम आहे. वरून परवानगी आणा." वरून म्हणजे शिक्षण खात्याच्या कार्यालयातून. तिथल्या साहेबांनी अर्ज सरळ धरून वाचला, तिरका धरून वाचला.

"म्हणजे एका वर्गात एका वेळी दोन शिक्षक?"

"हो. एक शिकवणार, एक बसणार."

"मग गैरहजर कोण?"

"कुणीच नाही."

"असं कसं सर? वर्गात जो शिक्षक आहे तो शिकवतो. जो शिकवत नाही तो वर्गात नाही. तुम्ही वर्गात असून शिकवत नसाल तर तुम्हाला मी कुठे दाखवू?"

सरांनी सगळ्या बाजूंनी समजावून पाहिलं. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनीही मनापासून डोकं खाजवलं. शेवटी त्यांना वाट सुचली. माणसाला परवानगी देता येत नव्हती, पण खुर्चीला देता येत होती. 'वर्गातील आसनव्यवस्थेत किरकोळ बदल' या सदराखाली प्रत्येक वर्गात शेवटच्या बाकामागे एक जादा खुर्ची ठेवायला खात्याची हरकत नव्हती. त्या खुर्चीवर कुणी बसायचं की नाही, याबद्दल आदेशात एक अक्षर नव्हतं. सर तो आदेश घेऊन विजयी वीरासारखे परतले, आणि शाळेच्या सभागृहातल्या सगळ्या चांगल्या खुर्च्या वर्गावर्गांत जाऊन बसल्या.

इथून खरी कथा सुरू होते. कारण रिकाम्या खुर्चीत केवढी दहशत असते, याची सरांना कल्पना नव्हती.

पी.टी.च्या सरांनी पहिल्याच मधल्या सुट्टीत बातमी आणली, की वरून कुणीतरी येणार आहे आणि ते कुठल्याही वर्गात, कुठल्याही क्षणी, मागच्या दाराने येऊन त्या खुर्चीत बसणार आहे. "मला काळजी नाही," ते म्हणाले, "मैदानाला मागची भिंतच नाही." पण बाकीच्यांना भिंती होत्या. दुसऱ्या दिवसापासून शाळेत इस्त्रीचे कपडे दिसू लागले. शास्त्राचे सर, जे कायम खिडकीतून बाहेर बघत शिकवायचे, ते खुर्चीकडे बघत शिकवू लागले. चित्रकलेच्या बाईंना खुर्चीकडे पाठ करून फळ्यावर लिहिणं जमेना, म्हणून त्या तिरक्या उभ्या राहून लिहू लागल्या आणि मुलांच्या वह्यांतल्या सगळ्या ओळी उताराला लागल्या. गणिताच्या बाईंनी आपल्या वर्गातल्या खुर्चीवर जुन्या वह्यांचा असा गठ्ठा रचला, की तिथे मांजरालाही बसता येऊ नये. मुलांनाही खुर्चीचा धाक बसला. शेवटच्या बाकावरची व्रात्य मंडळी, जी वर्षानुवर्षं तिथे सुखाने नांदत होती, ती पुढे सरकायला मागू लागली. शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच पहिल्या बाकासाठी भांडणं झाली.

मग कुणाला तरी आठवलं, की ही खुर्ची आणली कुणी. त्या दिवसापासून अक्षांश सर स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबे. चहाची किटली सगळ्यांपुढून फिरत त्यांच्यापाशी येईतो रिकामी होई. एकदा त्यांनी शास्त्राच्या सरांना हळूच विचारलं, "मी एक दिवस तुमच्या तासाला बसू का?" त्यावर शास्त्राचे सर म्हणाले, "का? काय ऐकलंत माझ्याबद्दल?" आणि मग स्वतःहून, न विचारता, त्यांनी राहिलेल्या प्रयोगांची कारणं सांगायला सुरुवात केली. सर मान खाली घालून ऐकत राहिले. आपल्याला कुणी भ्यावं अशी त्यांची आयुष्यात कधी इच्छा नव्हती. घरी तर त्यांना कुणी भीत नव्हतंच, पण शाळेतही त्यांच्या तासाला मुलं बिनधास्त जांभया देत. आणि आता हे.

सत्र संपत आलं. प्रशिक्षिका बाई येणार म्हणून पत्र आलं. एकाही खुर्चीत अजून एकही माणूस बसलेला नव्हता.

"काका म्हणतात, आजारी पडा," सर जेवताना म्हणाले.

बायको म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना म्हणताय, मी तुमच्याकडे येतो. एकदा तरी म्हणालात का, तुम्ही माझ्याकडे या?"

सरांचा घास हातातच राहिला. इतकी साधी गोष्ट. पण ती सुचल्याबरोबर स्टाफरूममधली माणसं आपल्याशी का बोलत नाहीत, हे त्यांना एका क्षणात कळलं. आपला वर्ग कुणी बघायचा, या विचाराने त्यांनाच धडकी भरली होती.

तरी त्यांनी धीर केला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये उभं राहून ते म्हणाले, "परवा माझ्या तासाला या. दिवस आणि रात्र शिकवणार आहे. बघा आणि काय चुकलं ते सांगा."  असं निमंत्रण कोण सोडेल?

सरांनी तयारीत कसूर ठेवली नाही. नाटकाच्या पेटीतले काळे पडदे खिडक्यांना लावले. सूर्य म्हणून एक भलामोठा दिवा आणला. पृथ्वीगोलाचा दांडा मोडलेला होता, म्हणून पी.टी.च्या सरांकडून चेंडू मागून आणला आणि त्यावर खडूने खंड काढले. एखाद-दोघं येतील असा त्यांचा अंदाज होता. पण आले सगळे. ज्यांना तास नव्हता ते आले, आणि ज्यांना तास होता ते आपापले वर्ग घेऊन आले. बाकांवर मुलं मावेनात, म्हणून ती खिडकीत बसली. शिक्षक भिंतीला टेकून उभे राहिले. खुर्चीत मात्र कोणीच बसलं नाही; सगळे तिला वळसा घालून उभे होते.

सरांनी घसा साफ केला, "हा सूर्य," म्हणाले, आणि दिव्याचं बटण दाबलं. दिवा क्षणभर असा काही तळपला की मुलांनी 'हा' केलं. मग फट् आवाज झाला आणि वर्गातली, वऱ्हांड्यातली, अख्ख्या मजल्यावरची वीज गेली. काळ्या पडद्यांआड मिट्ट काळोख झाला. दूरवर मॅडमच्या खोलीतून, संगणकावर अहवाल लिहिता लिहिता तो गेला की माणूस जसा ओरडतो, तसा आवाज आला.

"ही रात्र," सर म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

वर्ग खो खो हसला. त्या गडबडीत त्यांच्या हातातला चेंडू सुटला आणि टप्पे घेत अंधारात नाहीसा झाला.

"पृथ्वी माझ्या पायाशी आली आहे, सर," पी.टी.च्या सरांचा आवाज आला. "राहू दे का पाठवू?"

आणि तेवढ्यात कुठूनतरी एका मुलीने विचारलं, "सर, पृथ्वी एवढी गरगर फिरते, तर आपल्याला चक्कर का येत नाही?"

प्रश्न चांगला होता. सरांना उत्तर येत होतं, इतकी वर्षं शिकवत होते. पण भिंतीला टेकलेली ती सगळी शांत माणसं, ज्यांचे चेहरे दिसत नव्हते म्हणूनच फार मोठे वाटत होते, ती त्यांच्या आणि उत्तराच्या मधे येऊन उभी राहिली. सर एकदा 'अं' म्हणाले. दोनदा म्हणाले. आणि मग म्हणाले, "हा प्रश्न परीक्षेला येत नाही."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर पडदे काढले गेले, उजेड झाला, आणि तास संपेपर्यंत सर चेंडू हातात धरून जे काही सांगत होते ते त्यांना स्वतःलाही ऐकू येत नव्हतं.

तास संपल्यावर ते नकाशांच्या खोलीत जाऊन बसले. गुंडाळ्यांच्या मधे एक स्टूल होतं, ते अशाच प्रसंगांसाठी असावं. थोड्या वेळाने दार वाजलं. गणिताच्या बाई आत आल्या. त्या एवढ्या वर्षांत कामाशिवाय एक शब्दही सरांशी बोललेल्या नव्हत्या. करड्या, ताठ, केस घट्ट बांधलेल्या. मुलं त्यांना 'छेद' म्हणत, आणि बाईंना ते माहीत असावं.

"उद्या माझ्या तासाला या," त्या म्हणाल्या.

सर बघत राहिले. "का?"

"तुमचं बघून धीर आला."

"बरं झालं का थोडं तरी?"

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नसे. "इतकं वाईट मी कुणाचं पाहिलेलं नाही. पण तुम्ही शेवटपर्यंत उभे राहिलात. मला वाटलं, माझं याहून वाईट व्हायला जागा नाही." मग दाराशी जाऊन त्या थांबल्या. "आणि ते परीक्षेचं वाक्य. ते आम्ही सगळेच म्हणतो, सर. फक्त आमचं ऐकायला भिंतीशी कुणी नसतं."

दुसऱ्या दिवशी सर गेले तेव्हा खुर्चीवरचा वह्यांचा गठ्ठा जमिनीवर उतरवलेला होता. ते बसले. खुर्ची कुरकुरली, सगळा वर्ग मागे वळला, बाई म्हणाल्या, "सर बघायला आलेत, आपण आपलं करू," आणि माना परत फिरल्या. एवढंच. ज्या बसण्यासाठी एवढं रामायण झालं, ते असं झटक्यात उरकलं.

बाईंनी फळ्यावर लिहिलं, सहा भागिले अर्धा. "सांगा."

एक मुलगी उभी राहिली. "तीन, बाई."

सर मनात म्हणाले, चुकली. आता हिची काही धडगत नाही. पण बाईंनी खडू उचलला आणि फळ्याच्या मधोमध, सुवाच्य अक्षरात, 'तीन' लिहून त्याभोवती चौकट काढली. एखाद्या पाहुण्याला पाट मांडावा तशी.

"हिचं उत्तर तीन आहे. ते कुठून आलं, आधी तेवढं बघू. सांग बाळा."

"सहाचे दोन भाग केले."

"बरोबर केलेस. सहाचे दोन भाग केले की तीनच येतात. मग तू सहाला कितीने भागलंस?"

मुलगी थांबली. "दोनाने."

"आणि फळ्यावर?"

"अर्ध्याने."

"मग अर्ध्याने भागायचं म्हणजे करायचं तरी काय?"

आणि बाई गप्प बसल्या. रागावून नव्हे, वाट बघत. वर्ग विचारात पडला. खरोखर पडला, सरांना तो पडताना दिसला. कपाळांना आठ्या पडल्या, ओठ हलू लागले, दोघांनी बोटं मोजायला घेतली. सरांनाही उत्तर माहीत होतं, खालचा आकडा वर न्यायचा आणि गुणायचं, बारा. पण का न्यायचा? शाळेत असताना त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. एवढं वय झाल्यावर, मागच्या भिंतीशी बसून, ते मुलांच्या बरोबरीने अडले. भागल्यावर संख्या लहान व्हायला हवी, ही मोठी कशी होते? त्यांचा जीव टांगणीला लागला. कुणीतरी सांगा, असं त्यांना झालं.

तीच मुलगी अजून उभी होती. ती सावकाश बोलली, जणू प्रत्येक शब्द हातात धरून बघत होती. "बाई... सहात दोन तीनदा बसतात. म्हणजे... सहात अर्धे किती बसतात, असं विचारलंय का?"

बाई काहीच बोलल्या नाहीत. वर्गभर एक कुजबुज पसरली, एका बाकावरून दुसऱ्या बाकावर, वारा पिकातून जावा तशी. एकात दोन. मग सहात. बारा. बारा, बाई. कुणी बाकावर थाप मारली. आणि मागे बसलेल्या अक्षांश सरांच्या तोंडून, त्यांच्याही नकळत, मोठ्याने निघालं, "अरेच्चा."

सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. त्यांना हसताना सरांनी प्रथमच पाहिलं.

मग बाई फळ्यापाशी गेल्या. सरांना वाटलं आता तीन पुसतील. पण त्यांनी ते तसंच ठेवलं आणि खाली लिहिलं, सहा भागिले दोन. "हिचं उत्तर बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "फक्त दुसऱ्या प्रश्नाचं होतं. त्या प्रश्नालाही उत्तर लागतंच की." ती मुलगी खाली बसली, ती जणू काही जिंकून.

सरांचे डोळे भरून आले. ते त्यांनी खडूच्या धुळीवर घातलं. भिंतीपलीकडे हे असं रोज चालत होतं. रोज. आपण या बाजूला मोसमी वाऱ्यांच्या दिशा सांगत होतो तेव्हा, आपण वह्या तपासत होतो तेव्हा, घड्याळाकडे बघत होतो तेव्हा, वीतभर अंतरावर हे चालत होतं, आणि कुणाला पत्ता नव्हता. देवळाशेजारी जन्म काढून दर्शन न घेतल्यासारखं त्यांना वाटलं.

त्या दिवशी जेवताना त्यांनी बायकोला सहात अर्धे किती ते समजावलं. तिला ते येत होतं. तरी तिने पुरं ऐकून घेतलं. काका वर आले, त्यांनाही समजावलं. काका म्हणाले, "हे लेखी आहे का कुठे?" पण मग तेही बसले, आणि म्हणाले, "परत सांगा."

मग आपल्या वर्गात जाऊन सरांनी चक्कर न येण्याचा प्रश्न मुलांपुढेच ठेवला आणि गप्प बसले. ते फार अवघड गेलं. मुलांनी नाना तर्क लढवले, त्यातले बरेच अचाट होते, आणि सरांनी ते सगळे फळ्यावर मांडले. शेवटी एकसारख्या वेगाने चाललेल्या बसमधे डोळे मिटले तर ती चालली आहे हे कळतच नाही, इथपर्यंत गाडी आली. मागच्या खुर्चीत गणिताच्या बाई बसल्या होत्या. त्या जाताना म्हणाल्या, "बोलता अजून फार. पण बरं होतं."

ही गोष्ट स्टाफरूमला कशी कळली कोण जाणे. शास्त्राच्या सरांनी एक दिवस सगळ्यांदेखत गणिताच्या बाईंना विचारलं, की बसू का. मग चित्रकलेच्या बाई शास्त्राच्या तासाला गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "ते बेडकाच्या हृदयाचं चित्र काढताना तोंडाने त्याचा ठोका देतात. मुलं त्या ठोक्यावर रेघ ओढतात." एकदा मॅडम स्वतः आल्या. बसल्या, आणि फोन वाजला तो त्यांनी न बघताच बंद केला. असं नव्हे की सगळं थोर निघालं. काही तास रटाळ होते, काही फसले, एका तासाला शास्त्राचे सर खुर्चीतच डुलक्या घेताना सापडले. पण माणसं वर्गातून बाहेर येत ती काहीतरी बघून आल्यासारखी येत, आणि चहा निवून जाईपर्यंत त्याबद्दल बोलत.

प्रशिक्षिका बाई आल्या त्या दिवशी त्यांच्या स्वागताला कुणीच नव्हतं. स्टाफरूम रिकामी होती, किटली एकटीच टेबलावर. मॅडमही जागेवर नव्हत्या. बाई कॅनव्हासच्या बुटांनी आवाज न करता वऱ्हांड्यातून फिरल्या, दारादारांतून डोकावल्या, आणि शेवटी इमारतीमागच्या मैदानाशी आल्या. तिथे कुंपणाच्या दगडावर अक्षांश सर बसलेले होते.

मैदानात पी.टी.चे सर मुलांना पडायला शिकवत होते. हो, पडायलाच. "पडणार तर आहातच," ते सांगत होते. "हात टेकून पडलात तर मनगट जाईल. हनुवटी छातीला. खांद्यावर गोल व्हा. जमिनीशी भांडू नका." एवढा अवाढव्य माणूस, स्टाफरूममध्ये ज्याच्या वजनाने बाकडी करकरत, तो असा पडला की दोरीवरचं धुतलेलं कापड खाली यावं. आवाज नाही. लोळला, आणि उभा. सरांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दगडावरून उठलेच होते. अभ्यासक्रम पुरा करायला म्हणून पी.टी.चे कितीतरी तास आजवर त्यांनी मागून घेतले होते. त्या तासांना काय होतं, हे त्यांना आता दिसत होतं.

रांगेत पुढे एक उंच, काडीसारखी मुलगी उभी होती. तिचा हात कधीतरी मोडला होता आणि तेव्हापासून ती धावतच नसे, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. ती मैदानात अंथरलेल्या गादीपुढे उभी राहिली, ती हलेना. मागची मुलं चुळबुळली नाहीत. पी.टी.चे सर तिला काही बोलले नाहीत. ते तिच्या शेजारी जाऊन पडले. उठले. पुन्हा पडले. पुन्हा उठले. धापा टाकत होते, पाठ मातीने माखली होती, आणि तोंडावर घाई अशी कुठेच नव्हती.

प्रशिक्षिका बाई अक्षांश सरांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "नमस्कार सर. तुमच्या प्रकल्पाचं काय झालं ते बघायला आले."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जरा थांबा," ते हळूच म्हणाले. "आता तिचा नंबर आहे."

बाई दगडावर त्यांच्या शेजारी बसल्या.

मुलीने हनुवटी छातीला लावली, डोळे मिटले आणि पडली. ओबडधोबड, थोडी तिरकी, गादीच्या कडेवरून मातीत गडगडत गेली. क्षणभर तशीच पडून राहिली. मग उठून बसली, आपल्या हाताकडे बघितलं, तो हलवून पाहिला, आणि अंगाची माती न झटकता धावत जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली.